नात्याचा रकाना

४ एप्रिल २०१६, सोमवार. रतन पोपट शेंडे यांच्या बचत खात्यात रोख शंभर रुपये जमा. त्याच दिवशी, त्याच खिडकीवर, पाच मिनिटांनी कौसल्या भीमराव शेंडे यांच्या खात्यातून रोख शंभर रुपये नावे.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी नेमके उलटे झाले. कौसल्याबाईंनी शंभर भरले आणि रतनबाईंनी शंभर काढले. जूनमध्ये पुन्हा सुलट. त्या वेळी मी आमच्या बँकेच्या इंदापूर शाखेत नुकताच आलो होतो. बारामतीहून एसटीने रोज जाऊन-येऊन करतो. खात्यात असे काही दिसले की आमच्या धंद्यातला माणूस आधी गैर काय ते शोधतो. मीही मागच्या नोंदी उलटून पाहिल्या. दोन्ही बायका निमगाव केतकीकडच्या एकाच वस्तीवरच्या, घरी पानमळा, खात्यात कधी फार नाही आणि कधी अगदी कमीही नाही. गैर काहीच सापडले नाही.

दोघी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायच्या, पण एका गाडीने कधीच नाही. कौसल्याबाई दहाच्या सुमारास येऊन भिंतीकडच्या बाकड्यावर बसायच्या. रतनबाई पुढच्या गाडीने. उंचीला बेताच्या, चालायला झपाझप. वर्षानुवर्षे अंगठ्यात लोखंडी नख घालून पाने खुडल्यामुळे त्यांच्या उजव्या अंगठ्याला खळगा पडला होता. खिडकीशी आल्या की पासबुक पुढे सरकवून म्हणायच्या, सावकाश होऊ द्या साहेब, आमाला घाई न्हाय. चौतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकले नाही. मग दोघी बाकड्यावर बसून तास-दीड तास बोलत राहायच्या. पासबुक छापायचे यंत्र बंद असले तर इतर खातेदार कुरकुर करायचे. या दोघींना त्या दिवशी सणासारखे वाटायचे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी झाली. रांग शाखेच्या दारातून रस्त्यापर्यंत गेली होती. लोक कावलेले, आम्ही त्याहून कावलेले. या दोघी मात्र रांगेत मागेपुढे चार तास उभ्या राहून बोलत होत्या. खिडकी जवळ आली तेव्हा रतनबाईंनी मागच्या माणसाला म्हटले, तुमी व्हा म्होरं. तो माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला.

मी त्यांना मैत्रिणी समजत होतो. आडनाव एक आहे म्हटल्यावर जावा असतील असे धरून चाललो. खरे काय ते २०१७ साली वारसाचे अर्ज नव्याने भरून घेताना कळले. कौसल्याबाईंनी वारस म्हणून रतनबाईंचे नाव दिले होते आणि नात्याच्या रकान्यात ‘जाऊ’ लिहिले होते. रतनबाईंनी वारस म्हणून कौसल्याबाईंचे नाव दिले होते आणि त्याच रकान्यात ‘बहीण’. दोन्ही अर्ज एकत्र माझ्या टेबलावर आले. मी दोघींना बोलावले आणि यातले खरे कोणते, असे विचारले.

“दोन्ही खरंच हाय,” रतनबाई म्हणाल्या. “दोन्ही लिवा.”

रकान्यात एकच नाते लिहायचे असते, असे मी सांगितले. रतनबाईंनी अर्ज माझ्याकडे सरकवला.

“मग बहीण लिवा. ते आदीचं हाय.”

कौसल्याबाईंनी मात्र आपल्या अर्जावरचे ‘जाऊ’ तसेच ठेवले. सासरच्या घरात ‘बहीण’ चालत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

पुढच्या काही वर्षांत बाकड्यावरचे बोलणे कानावर पडत गेले. काही रतनबाईंनी आपणहून सांगितले. ते सगळे एकत्र केले तर असे होते.

दोघी लोणी भापकरच्या. कौसल्या थोरली, रतन तीन वर्षांनी धाकटी, मध्ये रामहरी नावाचा भाऊ. कौसल्याचे लग्न १९८९ साली भीमराव शेंडे यांच्याशी झाले. रतन तेव्हा पंधरा वर्षांची होती. नव्या दाजींची थट्टा करण्याचा हक्क तिचा होता आणि तिने तो पुरेपूर वापरला. पहिल्या पाहुणचाराला दाजी आले तेव्हा तिने त्यांना विड्यात हिरवी मिरची घालून दिली. स्वतःच्या मळ्यात पाने पिकवणाऱ्या माणसाने तो विडा न उघडता तोंडात टाकला. पुढे कित्येक दिवस लोणीत हा किस्सा चालू होता. दाजी रागावले नाहीत. दर खेपेला आल्यावर, आज विडा कोण करणार ते आधी सांगा, म्हणून विचारायचे.

तीन वर्षांनी भीमरावांच्या धाकट्या भावासाठी, पोपटरावांसाठी, रतनला मागणी आली. एकाच घरात दोघी बहिणी, आईबापाला बरे वाटले. रतनलाही बरे वाटले. आक्का तिथेच होती.

लग्नानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी, रंगूबाईंनी, दोघींना चुलीपाशी बसवून घेतले. बाई कडक, पण वाईट नव्हती. तिने एवढेच सांगितले की माहेरचे नाते वेशीबाहेर ठेवायचे. या घरात थोरली आणि धाकटी. धाकटीने थोरलीला जाऊबाई म्हणायचे. दोघी बहिणी एक झाल्या तर घराची दोन तोंडे होतात, असा तिचा हिशेब होता. त्या दिवसापासून आक्काची जाऊबाई झाली. आणि दाजींचे थोरले दीर झाले. आदल्या महिन्यापर्यंत ज्यांची थट्टा केली त्यांच्यासमोर आता डोक्यावर पदर घ्यायचा, थेट बोलायचे नाही, ताट वाढायचे ते खाली बघून. रतनबाई हे सांगताना हसायच्या. म्हणायच्या, माझं लगीन झालं आन् माझं दाजी वारलं.

कौसल्याबाईंना मुलगी झाली, वृषाली, तेव्हा त्या बाळंतपणात फार आजारी पडल्या. पहिले आठ महिने वृषाली रतनबाईंच्याच मांडीवर होती. रतनबाईंना स्वतःला दोन्ही मुलगेच, थोरला अविराज आणि धाकटा रविराज. वृषालीचे जावळ, न्हाणे, पुढे शाळेत जाताना वेण्या घालणे, हे सगळे त्यांनी केले. ती त्यांना काकी म्हणायची, कारण घरात नाते वडिलांकडून मोजले जायचे. मावशी ती फक्त लोणीला गेल्यावर म्हणायची, आजोबांच्या ओट्यावर बसून.

२००९ मध्ये भावांची वाटणी झाली. तोपर्यंत ठीक होते. मळा मधोमध विभागला, विहीर सामाईक राहिली. पानवेलीला सावली लागते. त्यासाठी मळ्यात आणि बांधावर शेवरीची झाडे लावतात. मधल्या बांधावरची शेवरी पोपटरावांच्या हिश्शात आली होती आणि तिची सावली भीमरावांच्या वेलांवर पडत होती. २०१३ च्या मे महिन्यात पोपटरावांनी ती ओळ तोडली. झाडे माझी, असे त्यांचे म्हणणे. ऐन उन्हाळ्यात भीमरावांचे वेल चार दिवसांत करपले. वीस वर्षांचा मळा होता. भीमराव बांधावर आले, करपलेली पाने हातात घेऊन उभे राहिले आणि परत गेले. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

पुरुषांचे बोलणे बंद झाले की बायकांचेही बंद, अशी तिकडची रीत. जावा म्हटल्यावर ती दोघींना लागू झाली. वृषालीलाही झाली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. वेण्या घालून घ्यायला येणारी मुलगी वाट बदलून जाऊ लागली.

मग रतनबाईंनी बँकेचा मार्ग काढला. बँकेत कशाला गेली होतीस, असे घरात विचारले तर पासबुकात नोंद दाखवता आली पाहिजे. दर महिन्याला पैसे भरायला कुठून आणायचे? म्हणून शंभराची एकच नोट. एकीने भरायची, दुसरीने काढायची. पुढच्या महिन्यात ज्या बाईकडे नोट असेल तिने भरायची. पानमळ्यातल्या बाईला मोजणी शिकवावी लागत नाही. अकरा वर्षांत एकदाही चूक झाली नाही.

१ जानेवारी २०२४ ला कौसल्याबाई आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत लग्नपत्रिका होत्या. वृषालीचे लग्न ठरले होते. मुलगा कोऱ्हाळे बुद्रुकचा, घरचा ऊस, स्वतः नोकरीला. लग्न १८ फेब्रुवारीला, बारामतीच्या एका कार्यालयात. मी बारामतीत राहतो म्हणून मलाही एक पत्रिका मिळाली. रतनबाई पुढच्या गाडीने आल्या. कौसल्याबाईंनी पत्रिका त्यांच्या हातात दिली नाही, फक्त बाकड्यावर दोघींच्या मध्ये ठेवली.

रतनबाईंनी ती उचलून वाचली. पत्रिकेत चुलत्यांची नावे असतात. भीमरावांचे चुलतभाऊ, त्यांचे चुलतभाऊ, लांबचे सुद्धा, मिळून नऊ नावे होती. पोपटरावांचे नव्हते. त्यांच्या घरी आमंत्रणही जाणार नव्हते. भीमरावांनी तसे आधीच सांगून ठेवले होते, आणि कौसल्याबाईंनी चार दिवस जेवण सोडूनही ते बदलले नव्हते.

कौसल्याबाईंच्या डोळ्यांना पदर होता. रतनबाईंचा अंगठा पत्रिकेवर एकेका नावावरून खाली सरकत होता. शेवटी त्यांनी विचारले,

“मामाचं नाव हाय न्हवं?”

“हाय की. रामहरीला कसं वगळतील?”

“आजोळाला आमंत्रण हाय?”

“हाय.”

“मग मावशी आजोळासंगं येती,” रतनबाई म्हणाल्या. “काकीला बोलावू नका. तिचं तुमचं बोलणं न्हाय.”

फेब्रुवारीच्या पाच तारखेला त्या पुन्हा आल्या तेव्हा घरी काय झाले ते कळले. रतनबाईंनी लपवाछपवी केली नव्हती. मळ्यात पाने खुडताना नवऱ्याला सरळ सांगितले होते. पोपटराव म्हणाले, त्या मांडवात गेलीस तर परत माझ्या दारात यायचं कारण न्हाय. त्यावर रतनबाईंनी दिलेले उत्तर त्यांनी बाकड्यावर जसेच्या तसे म्हणून दाखवले.

“म्हनलं, तुमची पुतणी नसंल, माझी भाची हाय. आन् मी तुमच्या दारातनं जातच न्हाय. माझ्या भावाच्या दारातनं जाते.”

पोपटराव खुडत राहिले. ते तसे बोलून फिरवणाऱ्यातले नव्हते. पन्नाशीच्या बाईला आपले घर सोडावे लागेल, हे तेव्हा उघड दिसत होते. कौसल्याबाई घाबरल्या. नको येऊस म्हणाल्या, वृषालीला मी समजावते, आशीर्वाद काय लांबूनही देता येतो.

“तुला कोण इचारतंय आक्का? तुझं मला आमंत्रणच न्हाय. रामहरीचं हाय,” असे म्हणून रतनबाई शंभर रुपये जमा करायची पावती भरायला उठल्या. त्या महिन्यात पाळी त्यांची होती.

सोळा तारखेला त्या एका पिशवीत दोन साड्या घालून लोणीला गेल्या. अठराला लोणीची एकोणीस माणसे भाड्याच्या टेम्पोत बसून बारामतीला आली. मी कार्यालयाच्या दारातच होतो. आधी रामहरी उतरले, पांढरी टोपी, अंगात नवा सदरा. मागून बायका. सगळ्यात शेवटी रतनबाई. त्यांनी डोक्यावर पदर घेतला नव्हता. माहेरच्या माणसांत आलेली बाई घेत नाही तसा.

वधूपक्षाकडच्या बायकांत कुजबूज झाली. शेंड्यांच्या भावकीतल्या एक-दोघींनी माना फिरवल्या. मांडवातल्या पहिल्या रांगेत रंगूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, कान शाबूत. कुजबूज ऐकून त्यांनी मोठ्याने विचारले,

“कोण आलंय? जाव आली व्हय कौसे तुझी?”

कौसल्याबाई नवरीजवळ उभ्या होत्या. हातातले तबक खाली ठेवून त्या सासूपुढे आल्या. मी त्यांना आठ वर्षे ओळखत होतो, त्यांचा आवाज खिडकीच्या काचेपलीकडे कधी पोचला नव्हता.

“जाव न्हाय आत्याबाई. माझी बहीण आलीया, लोणीसनं.”

बत्तीस वर्षांपूर्वी चुलीपाशी नियम घालणारी बाई आता काय म्हणते, याकडे सगळ्यांचे कान.

“बहीण असंल तर आहेर कर तिला,” त्या म्हणाल्या. “जावंला आहेर नसतो. माहेरच्या माणसाला असतो.”

त्यांनी नियम मोडला नाही. फक्त रतनबाईंना दुसऱ्या रकान्यात घातले.

वृषालीला मुंडावळ्या बांधलेल्या होत्या. ती उठू शकत नव्हती. रतनबाई तिच्याजवळ गेल्या, तिच्या वेणीचा गजरा एका बाजूला सरकला होता तो नीट केला. वृषाली ‘मावशी’ म्हणाली.

अक्षता पडल्या. जेवणाच्या पंगती बसल्या. माझे लक्ष भीमरावांकडे होते. ते रतनबाईंना पाहून न पाहिल्यासारखे करत होते. मेव्हणी म्हणून बोलावे तर शेवरी आठवत असेल, भावजय म्हणून टाळावे तर लोणीची माणसे समोर बसलेली. अशा वेळी पुरुष वाढप्यांवर देखरेख करतात, तशी ते करत होते. लोणीकरांच्या पंगतीपाशी आले आणि पुढे निघाले, तेवढ्यात रतनबाईंनी पानावरून मान वर केली.

“दाजी, लोणीच्या पंगतीला जिलबी न्हाय आली.”

रामहरींचा घास हातात राहिला. भीमरावही थांबले. बत्तीस वर्षे त्या बाईने त्यांना थेट हाक मारली नव्हती. त्यांनी आधी रतनबाईंकडे पाहिले, मग त्यांच्या पानाकडे. पानात जिलबी होती. दोन होत्या.

“आली न्हवं ही,” ते म्हणाले.

“ही मोजायपुरती हाय. खायला आणा.”

भीमराव वळले, वाढप्याच्या हातातले जिलबीचे ताट स्वतः घेतले आणि लोणीची पूर्ण पंगत, एकोणीस पाने, वाकून वाढत गेले. रतनबाईंच्या पानात चार घातल्या. मग म्हणाले, “इडा मात्र मी माझा करीन.” लोणीच्या म्हाताऱ्या बायका एवढ्या हसल्या की पलीकडची पंगत वळून बघू लागली. कौसल्याबाई दाराशी उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या.

एवढे झाले म्हणून रतनबाईंचा प्रश्न सुटला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांना निमगावला जायचे होते आणि दार उघडे असेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हते. रामहरी सोबत येतो म्हणाले, पण त्या एकट्याच गेल्या. भाऊ आला की भांडण होते, एकटी गेले तर फार तर ओसरीवर बसावे लागेल, असे म्हणाल्या.

४ मार्चला त्यांनी मला पुढचे सांगितले. दुपारी घरी पोचल्या तेव्हा पोपटराव दारातच खाटेवर बसले होते. त्या अंगणात पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने पोपटरावांनी विचारले, जेवणात काय होतं? त्यांनी सांगितले. मठ्ठा होता का? होता. आंबट असंल, पोपटराव म्हणाले, बारामतीचं आचारी मठ्ठा आंबट करत्यात. मग ते खाटेवरून उठले आणि मळ्याकडे गेले. दार उघडेच होते. रतनबाई आत गेल्या आणि चहा ठेवला.

भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत. बांधावर पुन्हा शेवरी लावलेली नाही. पोपटराव मांडवातल्या जिलबीबद्दल ऐकून काही बोलले का, असे मी विचारले तर रतनबाई म्हणाल्या, त्यांना ते सांगितलंच न्हाय, समदं एकदम सांगितलं तर पचत न्हाय. दोघी बहिणी मात्र आता बांधावर उभ्या राहून उघड बोलतात. रंगूबाईंच्या निकालाप्रमाणे ते माहेरचे बोलणे ठरते, भावकीचे नाही, त्यामुळे कुणाला हरकत घेता येत नाही. रतनबाई सगळ्यांसमोर आक्का म्हणतात. भीमराव दिसले तर दाजी म्हणतात, पदर मात्र घेतात. दोन्ही नाती त्यांनी एकाच वेळी चालू ठेवली आहेत.

मार्चमध्ये दोघी प्रथमच एका गाडीने आल्या. आता बँकेत यायची गरज राहिली नव्हती, हे मी बोलून दाखवले. घरी काम दिसते, बसायला होत नाही, असे रतनबाईंचे उत्तर होते. त्या दिवशी कौसल्याबाईंनी वारसाचा नवा अर्ज मागितला. नाव तेच. नात्याच्या रकान्यात त्यांनी सावकाश, अक्षर न अक्षर जोडून ‘बहीण’ लिहिले. मी जुन्या अर्जावर ‘रद्द’ लिहून सही केली. खाली तारीख घातली.

मी येत्या मे महिन्यात निवृत्त होतो आहे. माझ्या जागी कोण येईल ते ठरलेले नाही, पण पहिल्या सोमवारी पासबुक सावकाश छापायचे असते, एवढे त्याला सांगून जाईन.

परवा रामहरी बारामतीच्या बाजारात भेटले. लग्नाच्या दिवशीच्या टेम्पोचे भाडे एकोणीस जणांत वाटले होते, माणशी एकशे चाळीस रुपये. अठरा जणांचे आले. रतनबाईंचे एकशे चाळीस अजून यायचे आहेत; ते द्यायला मीच लोणीला येईन, घाई न्हाय, असा त्यांचा निरोप आहे.